चिंचेनं घासलेला समुद्र

२४ सप्टेंबर, मंगळवार, सकाळी ९.४०

तारीख आणि वेळ फोन आपोआप टाकतो म्हणे. मी फक्त बोलायचं. नात ऋतुजा काल गोव्याहून आली, तिनं तिचा जुना फोन मला दिला. माईकच्या चित्रावर बोट ठेवलं की आपण बोलू ते लिहिलं जातं. मी शाळेची पायरी चढले नाही, सहीच्या जागी अंगठा देते, आणि आता शहात्तराव्या वर्षी रोजनिशी लिहून राहिले.

यात खरं तेच सांगायचं ठरवलंय. जे मला स्वतःला वाचता येत नाही ते दुसऱ्या कुणाला काय सापडणार. यापेक्षा पक्कं कुलूप नाही.

संकल्प दोन. तिसरा चहा बंद. आणि दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. सून ज्ञानेश्वरी म्हणते, आत्याबाई, तुमचे हात गप बसत नाहीत. माझे हात गपच असतात. या घरात वस्तूच अशा ठेवतात की सरळ कराव्या लागतात.

२४ सप्टेंबर, सायंकाळी ५.१५

आज कशालाही हात लावला नाही. दुपारभर झोपले होते.

२५ सप्टेंबर, बुधवार

ऋतुजा गोव्यात समुद्राचा अभ्यास करते. पीएचडी. लोक विचारतात, नांदेडच्या पोरीला समुद्र कुठून सुचला. मी सांगते, माझ्याकडून. मी रामेश्वरला गुडघ्यापर्यंत समुद्रात गेले होते.

आज तिनं समजावून सांगितलं. समुद्राच्या तळाला गाळ असतो. त्यात खसखशीपेक्षा बारीक जिवांची कवचं असतात. जीव मरतो, कवच राहतं. जहाजावर एकवीस दिवस ओकाऱ्या काढत हिनं तो गाळ आणला आणि ओल्या ब्रशच्या टोकानं एकेक कवच निवडून काढलं. तीन वर्षं हेच. मी म्हटलं, तांदूळ निवडायला दिले की तुला झोप येते.

आता त्या कवचांचे फोटो काढायचे. साध्या भिंगाला त्यांच्या अंगावरची नक्षी दिसत नाही, मोठं मशीन लागतं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. ते उजेडानं बघत नाही, विजेच्या कणांनी बघतं. बघायच्या आधी त्या कवचांवर सोन्याचा मुलामा चढवतात. माझ्या पाटल्या मोडल्या तेव्हा अंगावर सोनं राहिलं नाही, आणि हे मेलेल्या किड्यांना सोनं चढवून राहिले.

गोव्याचं मशीन दुरुस्तीला गेलंय. विष्णुपुरीच्या रस्त्याला एका प्रयोगशाळेत तसलं मशीन आहे, आणि ते चालवतो कोण, तर शेजारच्या बेगमबीचा धाकटा, वकार. दोन महिने थांबून स्लॉट मिळाला. १४ ऑक्टोबर, दसऱ्यानंतरचा सोमवार. हा हुकला तर पुढचा उन्हाळ्यात, आणि तिला प्रबंध मार्चमध्ये द्यायचा आहे.

मी मनाशी पक्कं केलं. समुद्र माझ्या देखरेखीखाली. फ्रीजमध्ये दुसऱ्या फळीवर काळ्या पाण्याची बाटली दिसली, तोच तो गाळ. ज्ञानेश्वरीला ताकीद दिली, त्या बाटलीकडे बघायचं नाही.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

रेशनच्या दुकानात गेले. मशीननं अंगठा घेतला नाही. पदराला पुसून दिला, नाही. पाण्यानं धुऊन दिला, नाही. दुसऱ्या हाताचा दिला, तोही नाही. दुकानदार म्हणाला, आजी, भांडी घासून रेषाच गेल्यात, सुनेला पाठवा. रांगेतले लोक हसले. मशीन बिघडलेलं आहे. माझ्या मागच्या बाईचा अंगठा घेतला, पण ते योगायोगानं.

घरी ऋतुजा म्हणाली, आजी, तू कुठंही चोरी कर, सापडणार नाहीस.

२९ सप्टेंबर, रविवार

ज्ञानेश्वरी फ्रीज पुसताना ती बाटली सांडणार होती. मी झडप घालून वाचवली. ऋतुजाला सांगितलं नाही. केलेलं बोलून दाखवायचा माझा स्वभाव नाही. इथे फक्त नोंद.

३० सप्टेंबर, सोमवार

पितृपाट संपत आलं. आजपासून दसरा काढायला घेतला. घट बसायच्या आधी घरातली हरेक वस्तू धुऊन निघाली पाहिजे. वाकळा, डबे, पितळ, पाट, खिडक्यांचे गज. पूर्वी सगळं बैलगाडीत घालून गोदावरीवर न्यायचो. आता गच्चीवर नळ आहे. ज्ञानेश्वरी म्हणते, मशीनला लावू. मशीनला वाकळ घातली तर मशीनच धुवावं लागेल.

लेक देविदास रेल्वेच्या ऑफिसात आहे. दसरा काढायच्या दिवसांत त्याला दरवर्षी ओव्हरटाईम असतो.

१ ऑक्टोबर, मंगळवार, दुपारी ३.२०

दसरा पूर्ण. माझ्यासारखा दसरा या गल्लीत कुणी काढत नाही.

ऋतुजा फॉर्म भरायला विष्णुपुरीला गेली होती. तिच्या टेबलावर पारदर्शक डबी होती. डबी पुसावी म्हणून उघडली. संकल्प दुसऱ्याच्या वस्तूचा आहे, पण दसऱ्याला घरातली वस्तू दुसऱ्याची कशी होईल. आत चांदीसारखी बारा बटणं, खाली खिळ्यासारखा दांडा. प्रत्येकाच्या तोंडावर डांबरासारखा काळा डाग आणि त्यावर पांढरट धूळ बसलेली. गोव्याची दमट हवा, दुसरं काय. पोरगी पीएचडी करून राहिली आणि वस्तूंची ही दशा.

चिंच, राख, नारळाची शेंडी. काळा डाग लई चिवट, केसांच्या आकड्यानं खरवडून काढला. बाराच्या बारा देवाच्या उपकरण्यांसारखी लखलखीत झाली. उन्हात वाळवून पुन्हा डबीत बसवली. तिनं उघडलं की खूश होईल.

२ ऑक्टोबर, बुधवार, सर्वपित्री

ऋतुजानं सकाळी फ्रीजमधली काळी बाटली काढली आणि तोंडाला लावली. मी हंबरडा फोडला. ती कॉफी होती. गार कॉफी.

मग समुद्र कुठाय, विचारलं. ती हसून हसून खाली बसली. लॅपटॉप उघडून फोटो दाखवला. चांदीसारखं बटण. त्यावर काळी चिकटपट्टी. पट्टीवर पांढरी धूळ. म्हणाली, ही धूळ नाही आजी, हाच समुद्र. बारा बटणांवर तीन वर्षं आहेत. डबी आता मी चौदा तारखेपर्यंत उघडणारही नाही, वारा लागला तरी उडून जातील.

मला घाम फुटला. तिला वाटलं उपासानं.

सांगायला पाहिजे. पण आज अमावस्या. पितरं जेवून जायच्या दिवशी असलं बोलू नये. उद्या सांगते.

३ ऑक्टोबर, गुरुवार, घटस्थापना

घट बसले. घट बसायच्या दिवशी घरात रडारड बरी नाही. उद्या सांगते.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

ऋतुजाचं डोकं दुखत होतं. दुखणाऱ्या माणसाला आणखी दुःख द्यायचं म्हणजे काय. मी काही निर्दय नाही. उद्या सांगते.

तिसरा चहा घेतला. परिस्थिती तशी होती.

५ ऑक्टोबर, शनिवार

आज सांगणारच होते. तिच्याजवळ जाऊन बसले. तोंडातून निघालं, तुझी ती कवचं दिसतात तरी कशी गं.

तिनं लॅपटॉपच मांडीवर घेतला. मागच्या वेळी दुसऱ्या गाळाचे काढलेले फोटो होते. एक लसणाच्या गड्डीसारखं. एक जिलबीसारखं. एक बत्ताशासारखं, अंगभर भोकं. तासभर दाखवत होती. म्हणाली, या घरात आजपर्यंत कुणी हे विचारलं नव्हतं. बाबा विचारतात नोकरी कधी, आई विचारते लग्न कधी. प्रबंधाच्या पहिल्या पानावर तुझं नाव घालणार, आजी.

असं म्हटल्यावर कोण सांगेल. फोटो बघताना एक मात्र लक्षात आलं. सगळं कवचच आहे. समुद्राचं कवच.

७ ऑक्टोबर, सोमवार, दुपारी २

मार्ग सापडला.

समुद्राचं कवच आपल्या घरात आहेच. तुळजापूरच्या देवीच्या परडीत कवड्या आहेत. त्या काय विहिरीत होतात का. तीन काढल्या, खलबत्त्यात कुटल्या, वस्त्रगाळ केल्या. नवरात्रात देवीला नऊ दिवस एवढी गडबड, ती कवड्या कशाला मोजत बसते. तरी नाक घासून घेतलं.

काळ्या पट्टीसाठी सासूबाईंची मेणाची डबी काढली. कुंकवाखाली लावायचं जुनं मेण, चाळीस वर्षांचं, दगडासारखं झालेलं. वितळवलं, घरच्या काजळात कालवलं. काळंभोर झालं. ऋतुजा आणि ज्ञानेश्वरी बाजारात होत्या. बाराही बटणांवर मेण घातलं, अंगठ्यानं दाबून सपाट केलं, वर चिमटीनं समुद्र भुरभुरला. अंगठ्याचा माग राहील अशी भीती वाटली नाही. रेशनवाल्यानं चारचौघांत सर्टिफिकेट दिलेलं आहे.

खरी बटणं फोटोत दिसली होती तशीच दिसून राहिली. मी म्हणेन, जरा बरीच.

आता सांगायची गरज उरली नाही. समुद्र गेला होता, समुद्र आणून ठेवला.

९ ऑक्टोबर, बुधवार

झोप चांगली लागते. मधे मधे जाग येते तेवढंच.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

दसऱ्याला हत्यारांची पूजा. देविदासनं मोटारसायकल धुतली, ज्ञानेश्वरीनं विळी मांडली. ऋतुजानं लॅपटॉप मांडला आणि त्यावर ती डबी ठेवली. म्हणाली, आजी, हळदीकुंकू तूच लाव, तुझा हात लागला की फोटो चांगले येतील.

लावलं. कुंकू लॅपटॉपवर सांडलं तर म्हणाली, वय झालं आता तुझं.

आपट्याची पानं देऊन पाया पडली. मी म्हटलं, सोन्यासारखी राहा. पुढचं गिळलं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

ऋतुजा मला घेऊनच गेली. म्हणाली, तू एकटीनं विचारलं होतंस, तूच बघायला हवं. बेगमबीनं वकारला फोन करून माझ्यासाठी खुर्ची ठेवायला सांगितली होती.

मशीनघर थंडगार. चपला बाहेर. मशीन म्हणजे गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीएवढं उभं नळकांडं, शेजारी दोन टीव्ही. वकारनं बटणं चिमट्यानं काढली, एका लहान भांड्यात ठेवून सोनं चढवलं. मग मोठ्या मशीनमध्ये घातली. आतली हवा सगळी ओढून काढावी लागते म्हणाला. पंप चालला, चालला. दहा मिनिटांचं काम, अर्धा तास झाला. वकार म्हणाला, आतून काहीतरी वाफ सोडून राहिलंय. मी देवीचं नाव घेतलं. ज्या देवीच्या कवड्या कुटल्या तिचंच. दुसरी ओळखीची नाही.

शेवटी टीव्ही उजळला. लसणाची गड्डी नाही, जिलबी नाही. फुटक्या कपबशीचे तुकडे पसरावेत तसं. ऋतुजा म्हणाली, दुसरं बघू. दुसरंही तसंच. तिसरंही. पाचव्या बटणावर वकारनं जरा जास्त मोठं करून बघितलं तर खालची काळी जमीन डोळ्यांदेखत पाघळायला लागली. त्यानं घाईनं सगळं बंद केलं. बंद करायच्या आधी एक फोटो घेतला होता, तो टीव्हीवर तसाच राहिला. नांगरलेल्या वावरासारख्या रेषा. एका भोवती एक, वळत गेलेल्या.

वकार म्हणाला, हा तर अंगठा आहे कुणाचा तरी.

ऋतुजानं टीव्हीजवळ जाऊन बघितलं. मग म्हणाली, ही माझी सॅम्पल्सच नाहीत. शिवलिंगनं भरली होती डबी.

मी पाणी मागितलं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

शिवलिंग म्हणजे तिच्या हाताखालचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. आपल्याच भागातला, चाकूरचा. तो डबी भरताना चुकला, सरावासाठी केलेली आपली फालतू बटणं हिला दिली आणि हिची कुठं हरवली, असं सगळ्यांनी ठरवलं. ऋतुजा फोनवर त्याला इतकं बोलली की ज्ञानेश्वरीनं दार लावून घेतलं. मग गाईडचा फोन. जानेवारीच्या जहाजातून शिवलिंगचं नाव काढलं.

एका अर्थी बरं झालं. त्या जहाजावर एकवीस दिवस ओकाऱ्या असतात. पोरगा वाचला.

हे वाक्य फोननं नीट लिहिलं असेल तर पुसायचं कसं ते विचारायला पाहिजे.

१७ ऑक्टोबर, गुरुवार, सायंकाळी ६

शिवलिंग चाकूरहून आला. सणासाठी घरी आला होता म्हणे. सकाळची एसटी धरून आला, मी चुकलो नाही हे तोंडावर सांगायला. कोवळं पोर, मिसरूड फुटून राहिलेलं. ऋतुजा खोलीतून बाहेर आली नाही. मीच बसवलं, वाढलं.

पोत्यात सीताफळं आणली होती, त्यांच्या बांधावरची. आजीसाठी म्हणाला. त्याची आजी गेल्या वर्षी गेली.

तो सांगत होता, मी डबी स्वतःच्या स्वेटरात गुंडाळून दिली आजी, बटणांच्या खालून पेननं आकडे टाकले, एक ते बारा. ताईच्या बटणांना मी हात कसा लावीन, मला त्यांच्याकडूनच शिकायचं आहे. मग त्यानं आपला अंगठा माझ्यापुढे धरला. म्हणाला, वाटलं तर ताईंनी हा त्या फोटोला लावून बघावा.

मी तोंड उघडलं. आज सांगायचंच होतं. तोंडातून आलं, अजून एक भाकरी घे.

पाचच्या एसटीनं गेला. सीताफळं पिकायला ठेवली आहेत. मी काही खाणार नाही. उद्या सांगते.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

सांगितलं.

सगळे चहाला बसले असताना उभी राहून सांगितलं. मी म्हटलं, "त्या पोराला सोडा. अंगठा माझा आहे."

देविदासनं कप खाली ठेवला. मग ऋतुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला जवळ घेऊन म्हणाली, "आजी, त्याची दया येते मला माहितीय. पण स्वतःवर घेऊ नको. तुझा अंगठा रेशनचं मशीनसुद्धा घेत नाही."

देविदास हसला. ज्ञानेश्वरी म्हणाली, आत्याबाईंचं मन लई मोठं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पहिल्यांदा म्हणाली.

मी चिंच, राख सगळं सांगायला लागले तर ऋतुजानं गोळी दिली आणि पड म्हणाली.

तर मी माझं कर्तव्य केलं. सांगितलं. कुणी घेतलं नाही तर मी काय करू. उद्यापासून या गोष्टीचा विचार बंद.

१९ ऑक्टोबर, शनिवार, सकाळी ११

विचार बंद.

१९ ऑक्टोबर, दुपारी १

बेगमबी आली. पायरीवरच बसली, आत ये म्हटलं तर नको म्हणाली. वकार पाच दिवस मशीन उघडून साफ करून राहिलाय. कसलंतरी मेण आतपर्यंत गेलंय. परभणीचा एक, लातूरच्या दोन मुली, सगळ्यांचे स्लॉट बुडाले. साहेब वकारला म्हणाला, न तपासता आत घातलंस कसं. बेगमबी म्हणाली, मी शब्द टाकला म्हणून त्यानं ऋतुजाला नंबर काढून दिला होता, कावेरीबाई. राग तुमच्या पोरीचा नाही, पण ज्यानं हे केलं त्याला झोप तरी कशी लागते.

मी म्हटलं, मधे मधे जाग येत असेल.

ती गेल्यावर बोटांवर मोजलं. शिवलिंग, वकार, परभणीचा, लातूरच्या दोघी, ऋतुजा, देवी. सात जण. एक बटण घासायला मला पाच मिनिटं लागली होती.

तोंडानं सांगून कुणी घेत नाही. मग आठवलं, तारखेसकट सगळं या फोनात आहे. कुणाला वाचता येणार नाही असं मीच ठरवलं होतं. ऋतुजाला तर वाचता येतं.

आता तिला हाक मारते. हे तिच्या हातात देते. उद्या नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

ऋतुजा, हे तू वाचत असशील म्हणून थोडक्यात बोलते.

काल तू स्वयंपाकघरात उभी राहूनच सगळं वाचलंस. तव्यावरची भाकरी जळाली, ती मी उलटली नाही. हात गप ठेवले होते. वाचून झाल्यावर तू परडी उतरवलीस, कवड्या मोजल्यास आणि परत ठेवलीस. मग इतकंच विचारलंस, "चार वेळा ‘उद्या सांगते’ म्हणालीस. त्यातलं एकदा तरी खरं होतं का?"

प्रत्येक वेळी खरं होतं बाई. म्हणताना.

मग तू तीन फोन केलेस. गाईडला, वकारला, शिवलिंगला. तिसऱ्या वेळी फोन माझ्या कानाला लावलास आणि स्वतः बाजूला झालीस. मी सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, आजी, सीताफळं पिकली का. मी हो म्हटलं. म्हणाला, खाऊन टाका, दोन दिवसांत काळी पडतात.

खाल्लं एक. गोड होतं. ते लई जड गेलं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

शिवलिंगचं नाव जहाजात परत लागलं. वकारचा साहेब शांत झाला, पण त्या अंगठ्याचा फोटो मोठा करून मशीनघराच्या दारावर लावलाय, खाली सूचना. सॅम्पल कसं नसावं त्याची. शहात्तर वर्षांत पहिल्यांदा माझं काहीतरी भिंतीवर लागलं.

बेगमबी अजून पायरीवरच बसते. पण आज बसली तरी.

वकारनं त्याच फोटोची एक लहान प्रत माझ्यासाठी पाठवली. ती घेऊन रेशनच्या दुकानात गेले. दुकानदाराला म्हटलं, बघ, रेषा आहेत, एवढ्या मोठ्या मशीननं बघितल्यात. त्यानं फोटो उलटा धरून विचारलं, हे वावर कुठलं. मग अंगठा दिला. मशीननं घेतला नाही.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

ऋतुजा गोव्याला गेली. तिथं गाळ थोडा शिल्लक आहे, पुन्हा पहिल्यापासून निवडायचा आणि त्याच बटणांवर बसवायचा. दिवाळीला येणार नाही. मार्चचा प्रबंध आता त्याच्या पुढच्या मार्चला. म्हणाली, तुझं नाव आता दोनदा येईल आजी, पहिल्या पानावर अर्पण आणि आत उशीर का झाला तिथं. हसली नाही. मी हसले, मग थांबले.

निघताना मात्र तिनं ती डबी माझ्या हातात दिली. ऑटो येईपर्यंत धर म्हणाली, उघडू नको. मी दोन्ही हातांनी धरून दारात उभी राहिले. अर्धा तास. खुर्ची दिली तर बसले नाही. झाकणावर धूळ होती. अंगठा दोनदा तिकडे गेला, दोनदा मागं घेतला. पुसली नाही.

ऑटो आला. तिनं डबी घेतली, पाया पडली, गेली.

मी ज्ञानेश्वरीला म्हटलं, बघितलंस, एवढं होऊनही पोरीचा माझ्यावर विश्वास आहे. ज्ञानेश्वरी म्हणाली, डबी रिकामी होती आत्याबाई. बटणं तिनं सकाळीच पर्समध्ये ठेवली.